मार्कर सगळ्यात शेवटी

भाड्याच्या सामानावर दोन-तीनदा पेंटबॉल खेळून झालं, दंडावरचे काळेनिळे वळ ऑफिसात दाखवून झाले, की माणसाला स्वतःचं सामान घ्यायची हुक्की येते. मग पेंटबॉलच्या बंदुकीबद्दल, म्हणजे मार्करबद्दल, फोन येतो. "कोणता मार्कर घेऊ?" मी विचारतो, "तू चष्मा लावतोस ना?" पलीकडचा गप्प होतो. त्याला वाटतं, ह्यांना नीट ऐकू आलं नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणारी आमची मराठी मंडळी सुटीच्या दिवशी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात खेळायला जातात. दुरुस्तीची पेटी माझ्याकडे. त्यामुळे बिघडलेला मार्कर, गळणारी हवेची टाकी, पेंटने लडबडलेला गोळ्यांचा हॉपर हे सगळं शेवटी माझ्या पुढ्यात येतं. इतकी वर्षं ही उस्तवार केल्यावर माझं मत पक्कं झालंय की लोक पैसे बरोबर उलट्या क्रमाने घालतात. आधी मार्कर, मग लांबलचक बॅरल, मग हॉपर, आणि काही उरलंच तर मास्क. माझा क्रम मास्क, हवा, हॉपर आणि शेवटी मार्कर. वेगळं बॅरल नाही घेतलं तरी काही अडत नाही.

मास्कबद्दल जरा जास्त बोलतो. एका जुलैत, हवा दमट, जंगलात वारा नाही, अशा दिवशी आमच्यातला एक चष्मेवाला नवाकोरा मार्कर घेऊन उतरला होता. मास्क मात्र दुकानातला सगळ्यात स्वस्त, एकेरी लेन्सचा. दहा मिनिटांत आतून वाफ धरली, वर चष्म्यावरही. एका आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे तो गुडघ्यांवर बसला, मास्क कपाळावर सरकवला आणि टी-शर्टच्या टोकाने चष्मा पुसायला लागला. रेफरी जिवाच्या आकांताने ओरडला, "मास्क! मास्क!" चष्मेवाल्याच्या डोक्याच्या वीतभर वर झाडाच्या सालीवर गुलाबी गोळी फुटली आणि रंगाचा ओघळ खाली आला. त्याला काही झालं नाही. पण त्या दिवशी त्याच्या हातात काय किमतीचा मार्कर होता आणि डोळ्यांसमोर काय किमतीचं प्लॅस्टिक होतं, हा हिशेब मी तेव्हापासून प्रत्येकाला ऐकवतो.

वाफ ही नुसती गैरसोय नाही. तिच्यामुळेच माणूस भर मैदानात मास्क वर करतो, आणि डोळा जातो तो अशाच वेळी. म्हणून थर्मल लेन्सच घ्या. तिच्यात दोन पापुद्रे असतात आणि मध्ये हवेची पातळ पोकळी, त्यामुळे आतली बाजू गार पडत नाही आणि श्वासाची वाफ तिच्यावर सहसा धरत नाही. मास्क पेंटबॉलसाठीच्या एएसटीएम एफ१७७६ मानकाचा आहे ना, हे खोक्यावर बघा. स्कीइंगचा गॉगल किंवा एअरसॉफ्टची जाळी इथे चालत नाही. चष्मा असेल तर तो घालून दुकानात जा आणि मास्क चढवून पाहा. काड्या कानशिलावर रुततात की नाही, हे फोटोवरून कळत नाही. घरी लेन्स पुसताना अमोनियावाला काचेचा स्प्रे वापरू नका, त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आतली बाजू खसाखसा घासू नका, वाफ रोखणारा लेप निघून जातो. जवळून फटका बसलेली किंवा केसभर चीर गेलेली लेन्स सरळ बदला. इथे काटकसर नको.

आता मार्करकडे वळतो. मैदानात शिरण्याआधी प्रत्येकाचा मार्कर वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर लावतात. गोळीचा वेग सेकंदाला २८० फुटांच्या आसपास, फार तर ३००. त्यापुढे गेलात तर वेग कमी करा, नाहीतर बाहेर बसा. टिपमन कंपनीचा जुना मार्कर असो की हजार डॉलरचा इलेक्ट्रॉनिक मार्कर, नियम एकच. गोळीही एकच, ०.६८ इंच व्यासाची, साधारण तीन ग्रॅमची. तीच गोळी त्याच वेगाने सुटली तर ती तितक्याच लांब जाणार. "महागातला लांब मारतो" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, सरळ क्रोनोग्राफपाशी घेऊन जातो. महाग मार्करमध्ये जे मिळतं ते वेगळं असतं. वजन कमी, धक्का कमी, आवाज कमी, ट्रिगर मऊ, आणि एका टाकीत जास्त गोळ्या. ह्याचंही मोल आहे. पण ते कळायला आधी लपावं कुठे, पळावं कधी हे पायांत मुरावं लागतं.

लपण्याचं मोल तर पहिल्याच डावात दिसलं. हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला तो जून १९८१मध्ये, न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या जंगलात. १२ गडी होते. हातात नेल्स्पॉट ००७ नावाचं पिस्तूल, जे मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायला बनवलेलं. एक गोळी मारली की पुढची हाताने चढवायची. जिंकला रिची व्हाइट नावाचा फॉरेस्टर. जंगलात ठेवलेले सगळे झेंडे गोळा केले, कुणाला दिसला नाही आणि गोळी एकही झाडली नाही. नव्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांना वाटतं, काका पैसे वाचवायची कारणं शोधताहेत.

दुसरा खर्च हवेचा. बरेच जण स्वस्त म्हणून कार्बन डायऑक्साइडची टाकी घेतात. तो वायू टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब हवामानावर ठरतो. २१ अंश सेल्सिअसला सुमारे साडेआठशे पीएसआय, शून्य अंशाला जेमतेम पाचशे. नोव्हेंबरअखेर आमच्या एकाची गंमत सगळ्यांनी पाहिली आहे. चार गोळ्या भराभर मारल्या, टाकीवर पांढरं दव गोठलं, आणि पाचवी गोळी खोकल्यासारखा आवाज करून दहा पावलांवर पडली. वर द्रव थेट मार्करमध्ये शिरला तर ओ-रिंग खराब होतात. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये तर सोलेनॉइडच जातो. तेव्हा पहिल्यापासून हाय-प्रेशर हवेची टाकी घ्या. सुरुवातीला ४८ घन इंचाची, ३,००० पीएसआयची ॲल्युमिनियमची टाकी पुरते. जड असते, पण किंमत कमी. ६८ घन इंचाची ४,५०० पीएसआयची कार्बन फायबरची टाकी हलकी आणि दमदार, मात्र तुमच्या नेहमीच्या मैदानावरचा कॉम्प्रेसर ४,५००पर्यंत भरतो का, हे आधी विचारा. तिथे ३,०००वरच थांबत असतील तर जास्तीचे पैसे घरात बसून राहतील.

टाकी सेकंडहँड घ्यायची तर डोळे उघडे ठेवून. अमेरिकेत ह्या टाक्यांची दर पाच वर्षांनी हायड्रोटेस्ट करावी लागते, तारीख अंगावर कोरलेली किंवा लेबलवर असते. कार्बन फायबरच्या टाकीचं आयुष्य सहसा १५ वर्षांचं. त्यानंतर ती कितीही चकचकीत दिसली तरी कुणी भरून देत नाही. "मार्करसोबत टाकी फुकट" अशा सौद्यातली टाकी बहुतेक वेळा मुदत संपलेलीच निघते. ज्या तोंडातून हवा भरतात त्या निपलला तेल लावू नका. तेल आणि दाबाखालची हवा एकत्र आली की भडका उडू शकतो. आणि टाकी मार्करवरून काढताना टाकीच फिरतेय की नुसता व्हॉल्व्ह सुटतोय, हे कळायला हवं. व्हॉल्व्ह आणि टाकी ह्यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर हात लावू नका, दुकानात न्या. सुटलेला व्हॉल्व्ह निसटला तर टाकी क्षेपणास्त्रासारखी उडते.

मग हॉपर. नुसत्या वजनाने गोळ्या खाली सोडणाऱ्या साध्या हॉपरवर भरधाव मार्कर लावला, की गोळी अर्धी उतरलेली असतानाच बोल्ट पुढे येतो आणि तिचे दोन तुकडे करतो. मग आत रंगाचा चिखल, बाहेर वाकडी जाणारी प्रत्येक गोळी, आणि मालक म्हणतो, "मार्कर खराब निघाला." माझ्याकडे येणाऱ्या 'खराब' मार्करांपैकी बऱ्याचशांचा आजार हाच. चांगल्या इलेक्ट्रॉनिक मार्करांत गोळी पूर्ण बसल्याशिवाय हवा न सोडणारा सेन्सर असतो. साध्या यांत्रिक मार्करला मात्र हॉपरचीच मदत लागते. ट्रिगर भराभर ओढणारे असाल तर बॅटरीचा हॉपर घ्या, नसाल तर साधा हलवत हलवत खेळा. पण आधी पेंटचं बिल मोजा. २०० गोळ्यांचा हॉपर सेकंदाला दहाच्या वेगाने २० सेकंदांत रिकामा होतो आणि एका खोक्यात गोळ्या असतात २,०००. शिवाय बऱ्याच मैदानांवर त्यांचाच पेंट घ्यावा लागतो, बाहेरचा चालत नाही. मार्कर एकदाच घेतला जातो, पेंट मात्र दर खेपेला.

नेम चुकतो तो बहुतेक पेंटमुळे. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं. (आमच्या मंडळींतल्या एका काकूंनी हे ऐकून, "मग तोंडात उडालेल्याचं काय? आमचा राहुल शाकाहारी आहे," असं विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही.) जिलेटिन दमट हवेत फुगतं, थंडीत ठिसूळ होतं, आणि एका जागी पडून राहिलं की गोळी चपटी होते. अशा गोळीसाठी कितीही महाग बॅरल घेतलं तरी ती वाट्टेल तिकडेच जाणार. बॅरल बघायचंच असेल तर ते मार्करवरून काढून हातात घ्या आणि गोळी आत टाका. आपोआप घरंगळून बाहेर पडली तर बोअर मोठं, जोर लावून फुंकल्यावर सुटली तर बरोबर, फुंकूनही हलली नाही तर लहान. लांबीच्या मागे लागू नका. १२ ते १४ इंच पुष्कळ झालं. त्याहून लांब बॅरल झुडपात अडकतं, एवढाच फरक.

एवढं सगळं झाल्यावर मार्कर घ्या, आणि घेताना मैदानावर कुणाकडे कोणता आहे ते पाहा. टिपमन ९८ वर्षानुवर्षं भाड्याने दिला जातो, कारण तो आपटला तरी चालतो आणि त्याचे भाग कुठेही मिळतात. जरा जास्त पैसे असतील तर प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक यांत्रिकच आहे, पण मऊ चालतो. जो मार्कर तुमच्या ओळखीत कुणालाच उघडता येत नाही तो घेऊ नका. घेतलात की त्याच्या ओ-रिंगचा जादा संच आणि कंपनीने सांगितलेलं ग्रीस त्याच दिवशी घ्या. घरात पडलेलं शिलाई मशीनचं तेल घालू नका.

खेळून आल्यावर थकवा असतो हे मान्य, तरी हॉपर आणि बॅरल त्याच रात्री कोमट पाण्याने धुवा. सुकलेला पेंट डिंकासारखा चिकटतो. हॉपरमधली बॅटरी काढून ठेवा. टाकी वेगळी करा, मार्करमध्ये अडकलेली हवा जमिनीकडे तोंड करून, मास्क लावून, सोडून द्या. टाकी मात्र पार रिकामी करू नका. थोडी हवा आत राहिली की ओल आणि धूळ शिरत नाही.