फॅनटेल गोल्डफिश : आधी अंग, मग नटवणं

शोभेचा मासा काढायला घेतला की हात आधी खवल्यांकडे धावतो आणि चित्र तिथेच फसतं. अंगाचा गोलावा आणि परांची जागा जमली, तर चार खवल्यांतही मासा उभा राहतो. सरावाला फॅनटेल गोल्डफिश घ्या. तो काचपेटीत सहज दिसतो आणि हळू पोहतो, त्यामुळे नीट न्याहाळता येतो.

साहित्य : जाड चित्रकलेचा कागद, एचबी आणि 2बी पेन्सिल, मऊ खोडरबर, जलरंग (पिवळा, नारिंगी, लाल, निळा), एक बारीक आणि एक मध्यम गोल ब्रश.

कृती

1. एचबीने 10 सेंमीची फिकट रेघ आखा. डोक्याचं टोक, म्हणजे डावी बाजू, किंचित खाली ठेवा. रेघ अगदी आडवी असली की मासा टांगल्यासारखा दिसतो.

2. डावीकडच्या 6 सेंमीत 4 सेंमी उंचीचा लंबगोल काढा. पोट पाठीपेक्षा जास्त फुगवा. मागे अंग निमुळतं करत शेपटीच्या बुडाशी दीड सेंमीवर आणा.

3. तोंडापासून 2 सेंमीवर कल्ल्याच्या झाकणाची कमान काढा. डोळा मधल्या रेघेच्या वर, तोंड टोकाशी आणि लहान. गोल्डफिशला मिश्या नसतात. त्या काढल्या तर तो कोई मासा वाटेल. पापण्याही नसतात, म्हणून डोळा पूर्ण गोल : बाहेर सोनेरी कडं, आत काळी बाहुली, तीत चमकेचा एक पांढरा ठिपका.

4. पाठीचा पर एकच. तो पाठीच्या सर्वांत उंच जागेपासून सुरू होतो. त्याची पुढची कड ताठ, मागची मऊ. छातीच्या परांची जोडी कल्ल्यामागे खालच्या बाजूला, पोटाच्या परांची जोडी त्यामागे पोटाखाली, आणि शेवटचे पर शेपटीच्या अलीकडे. जोडीतला पलीकडचा पर थोडाच दिसू द्या, तोही फिकट रेघेत.

5. फॅनटेलची शेपटी दुहेरी असते आणि प्रत्येक भागाला मधे खाच असते. जवळचा भाग पूर्ण काढा. पलीकडचा थोडा वर सरकवून त्यामागून डोकावू द्या. आतल्या काड्यांच्या रेघा बुडापासून निघून पसरत जातात आणि कडेजवळ फाटे फुटतात. त्या बुडाशी दाबून सुरू करा, कडेला येता येता हात हलका करा. मासा पुढे जात असेल तर शेपटी मागे ताणलेली, थांबला असेल तर खाली झुकलेली.

6. आता खवले, 2बीने. ते कौलांसारखे एकावर एक असतात. उघडी कड शेपटीकडे, आणि पुढच्या ओळीतला खवला मागच्या दोहोंच्या मधोमध. शेपटीकडे ते लहान होत जातात. पाठीकडच्या तीन-चार ओळी आणि कल्ल्यामागचा भाग स्पष्ट करा. पोटाकडे रेघ तुटक करत सोडून द्या.

7. सर्व अंगावर पातळ पिवळा द्या. पाठीखालचा चकाकीचा पट्टा कोराच ठेवा. वाळल्यावर नारिंगी, मग पाठीवर लाल. पोटाखालच्या सावलीसाठी नारिंगीत थेंबभर निळा मिसळा; काळा घातला तर रंग मळतो. शेपटीला भरपूर पाण्यात नारिंगी द्या. दोन भाग एकमेकांवर येतात तिथे, पहिला हात वाळल्यावर, दुसरा चढवा; शेपटीची पारदर्शकता तिथूनच दिसते.

काही चुकलं तर

पर चिकटवल्यासारखे वाटत असतील, तर काड्यांच्या रेघा अंगाच्या कडेपर्यंत पोचल्यात का ते पाहा. मासा चपटा दिसत असेल, तर खवल्यांच्या ओळी सरळ गेल्या असतील; त्या अंगाच्या गोलाव्याबरोबर वळवा.

हा जमला की कॉमेट गोल्डफिश घ्या. कृती हीच, लंबगोल जास्त लांब आणि अरुंद, शेपटी एकेरी, लांब आणि खोल दुभंगलेली.