पोट एक, घरं नऊ

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. 'ताई, हायपोकॉन्ड्रियम, एपिगॅस्ट्रियम... जीभच वळत नाही गं!' अगं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला माझी तरी कुठे वळत होती? मी नुसती घोकंपट्टी केली आणि वॉर्डात फजिती करून घेतली. आपल्या पिंपळनेरकडच्याच एका पाड्यावरची म्हातारी आली होती. 'पोटमा दुखस वं माय,' म्हणाली. मी कागदावर 'पोटदुखी' लिहून मोकळी. डॉक्टरांनी विचारलं, 'पोटात कुठं?' मी गप्प. म्हातारीचा हात सगळा वेळ उजव्या बरगडीखाली होता आणि मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी शब्द फोडून बघायला लागले. तूही वही घे. पोटावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा मार. फुल्ली-गोळ्यासारखी नऊ घरं होतील. ग्रीकमध्ये 'हायपो' म्हणजे खाली, 'कॉन्ड्रोस' म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेखालचं ते हायपोकॉन्ड्रियम. उजव्यात यकृत, डाव्यात प्लीहा. तिकडच्या जुन्या वैद्यांना वाटायचं, उदासी नि नसत्या आजारांची धास्ती इथूनच उठते. म्हणून त्या धास्तीचं नाव हायपोकॉन्ड्रिया. 'एपि' म्हणजे वर, 'गॅस्टर' म्हणजे जठर, झालं एपिगॅस्ट्रियम. खाली हायपोगॅस्ट्रियम, म्हणजे आपलं ओटीपोट. ओटी घेताना पदर जिथे धरतेस ना, तिथलं. लंबर हे लॅटिनमधल्या कंबरेवरून. 'इलिया' म्हणजे बरगडी नि खुब्याच्या मधली मऊ बाजू, आपली कूसच की! तिच्यावरून इलियाक. मधोमध बेंबीचं घर, अंबिलिकल. 'अंबिलिकस' आणि आपली 'नाभी' एकाच मुळातल्या, चुलत बहिणी म्हण.

एक जपून ठेव. उजवं-डावं नेहमी पेशंटचं, तुझं नव्हे. तिच्यासमोर उभी राहिलीस की हमखास उलट लिहिशील.

आपल्या बोलीतले शब्दही फसवतात बरं. काळीज घे. संस्कृत 'कालेय' म्हणजे यकृत. खाटकाकडे कलेजी मागितली तर यकृतच मिळतं. पण आपलं काळीज छातीत धडधडतं. ग्रीकांचंही तसंच, हृदय म्हणजे 'कार्डिया', आणि जठराच्या वरच्या तोंडालाही कार्डियाच म्हणतात. गोंधळ नुसता शब्दांचा नाही. हार्ट अटॅकची कळ कधी कधी एपिगॅस्ट्रियममध्येच येते. 'गॅस असेल' म्हणून सोडा पाजून कुणाला घरी धाडू नकोस.

आणि दुखणं घर बदलतं. अपेंडिक्सची कळ बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होते, मग उजव्या इलियाकमध्ये जाऊन बसते. खुब्याच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांच्यामध्ये रेघ ओढ, हाडापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर जो ठिपका येतो, तो मॅकबर्नींचा. या अमेरिकन सर्जननं तो 1889 मध्ये दाखवून दिला. म्हणून 'आत्ता कुठं दुखतंय' यावर थांबू नकोस. 'पहिल्यांदा कुठं दुखलं' तेही विचार.

परीक्षेत नऊही नावं ठसठशीत लिही. पण साक्री-पिंपळनेरची कुठलीच बाई येऊन 'माझं एपिगॅस्ट्रियम दुखतंय' म्हणणार नाही. तिला म्हण, 'कोठे दुखस? हात ठेव बरं.' आणि मग कागदाकडे नको, तिच्या हाताकडे बघ.