बिनतारी हातसंच आणि वाहनातील इंटरकॉम

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांपैकी एक. उत्तरेस डोंगररांगा, दक्षिणेस पूर्णा नदीचे खोरे, अशी त्याची ठेवण आहे. डोंगरावर कोसळलेला पाऊस उताराने वेगाने खाली येतो आणि नाले पाहता पाहता पात्र सोडतात. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांनी याचा दारुण अनुभव घेतला. अतिवृष्टीने नदीनाल्यांना पूर आले, वस्त्यांत पाणी शिरले, पिकांसह जमिनी खरडून गेल्या.

अशा वेळी विजेचा पुरवठा खंडित झाला व मनोऱ्यांची बॅटरी संपली की भ्रमणध्वनी मुका होतो. बिनतारी संच मात्र मधल्या मनोऱ्यावाचूनही एकमेकांशी थेट बोलू शकतात. म्हणूनच पोलीस, वन, अग्निशमन आणि बचाव पथके यांच्या कामात त्यांचे महत्त्व आजही कायम आहे. परंतु संच हाती असला म्हणजे संदेश पोचलाच, असे नव्हे.

अडचण कोठे येते?

पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याजवळ हातसंच म्हणजे वॉकीटॉकी असतो. मोठ्या बचाव वाहनात चालक पुढे आणि पथक मागे बसते. इंजिनच्या आवाजात त्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून काही वाहनांत कानावर चढविण्याचे श्रवणयंत्र व तोंडाजवळचा ध्वनिग्राहक असलेला इंटरकॉम बसविलेला असतो. आतील माणसे एकमेकांचे ऐकतात. पण काठावरून आलेली हाक कोणाच्या तरी खिशातील संचात विरून जाते.

ही अडचण जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यातील सैनिक इंटरकॉमवर आपापसांत बोलत. बाजूने चालणाऱ्या पायदळाचे म्हणणे मात्र त्यांच्या कानी पडत नसे. तेव्हा रणगाड्याच्या मागील अंगास पेटीत दूरध्वनी बसवून तो आतील इंटरकॉमला जोडण्यात आला. भारतीय सेनेने १९६५ च्या युद्धात वापरलेल्या सेंच्युरियन रणगाड्यांच्या रचनेतही अशा दूरध्वनीची सोय होती. हातसंचाची जोडणी हे त्याच विचाराचे बिनतारी रूप होय.

जोडणीची चार अंगे

पहिले अंग एरियलचे. वाहनाचा पत्र्याचा सांगाडा बिनतारी लहरींना अडवितो. त्यामुळे आत बसून हातसंचावर बोलल्यास त्याचा पल्ला बराच घटतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरींची लांबी सुमारे २ मीटर असते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढे, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर उंचीचे एरियल टपाच्या मध्यभागी बसवून ते योग्य केबलने हातसंचाला जोडावे. ५ वॅटच्या संचालाही याचा मोठा लाभ होतो. मात्र डोंगराआडच्या वस्तीशी बोलण्यास एवढ्याने भागेलच असे नाही. तेथे उंचावरील पुनःप्रक्षेपक केंद्र लागते.

दुसरे अंग आवाजाच्या पातळीचे. ध्वनिग्राहकाकडून निघणारा विद्युत संदेश काही मिलिव्होल्टचा, तर ध्वनिक्षेपकाकडे जाणारा व्होल्टच्या घरातला असतो. एकाची तार दुसऱ्यास सरळ जोडल्यास आवाज फाटतो. यासाठी मध्ये पातळी कमी करणारा रोधक बसवितात. ध्वनिग्राहकाच्या तारेतून एकदिश विद्युतदाबही वाहत असतो. तो अडविण्यास धारित्र म्हणजे कंडेन्सर लागतो. लहान ध्वनि-ट्रान्सफॉर्मर बसविला तर दोन्ही यंत्रणा विजेच्या दृष्टीने अलग राहतात आणि इंजिनबरोबर चढत जाणारी शीळ बरीच थांबते.

तिसरे अंग वीजपुरवठ्याचे. हातसंचाची बॅटरी बहुधा ७.४ व्होल्टची असते. वाहनात १२, तर मोठ्या वाहनांत २४ व्होल्ट असतात. इंजिन चालू असता हा दाब आणखी वाढतो. म्हणून दाब उतरविणारे साधन व फ्यूज यांवाचून संच वाहनाच्या बॅटरीला कदापि जोडू नये.

चौथे अंग बोलण्याच्या कळीचे. आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. इंटरकॉमवर सर्वांना एकाच वेळी बोलता व ऐकता येते. हातसंचावर मात्र कळ दाबून बोलावे लागते आणि दाबलेली असेपर्यंत ऐकू येत नाही. त्यामुळे कळ अडकून राहिली तर वाहनातील सारे बोलणे बाहेर प्रसारित होते आणि पुरात अडकलेल्यांविषयीचा निरोप येण्याचा मार्गच बंद होतो. आवाज होताच आपोआप सुरू होणारी सोयही येथे बेभरवशाची. ती पहिले अक्षर गिळते आणि इंजिनच्या आवाजानेही चालू होते. सबब बाहेर बोलण्याची कळ वेगळी असावी, ती ठराविक एका व्यक्तीच्याच हाती असावी आणि ऐकण्याची सोय मात्र सर्वांना असावी.

प्रत्येक उत्पादकाच्या संचाची खाच व तारांचा क्रम निराळा असतो. त्यामुळे जोडणी त्या संचासाठीच बनविलेल्या साधनाने आणि जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

शिस्त आणि परवानगी

यंत्राइतकीच बोलण्याची रीतही निर्दोष हवी. एक उदाहरण पुरेसे आहे. खानदेशातील जळगावाहून वेगळेपण राहावे म्हणून या गावाच्या नावास शेजारच्या जामोदची जोड मिळाली. संदेशात घाईने नुसते ‘जळगाव’ म्हटल्यास दूरच्या नियंत्रण कक्षात घोटाळा होऊ शकतो. गावाचे पूर्ण नाव, नेमके ठिकाण, माणसांची संख्या आणि हवी असलेली मदत, या क्रमाने सांगावे. ऐकणाऱ्याने ते पुन्हा म्हणून दाखवावे.

बिनतारी संचांच्या वापरावर १९३३ च्या कायद्यापासून शासनाचे नियंत्रण आहे. जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला. बाजारात मिळतो म्हणून कोणताही संच ग्रामपंचायतीने परस्पर घेऊन वापरू नये. तहसील कार्यालय व पोलीस यांच्या सल्ल्यानेच पाऊल उचलावे.

पावसाळ्यापूर्वीच्या सरावात ही जोडणी अवश्य तपासली जावी. इंजिन चालू ठेवून, दारे लावून, एक माणूस नाल्याकाठी उभा करून निरोप द्यावा आणि वाहनातील प्रत्येकाने तो कागदावर उतरवावा. सर्वांचे कागद जुळले, तर जोडणी बरोबर आहे असे समजावे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी या सरावास उपस्थित राहून गावातील उंच व सुरक्षित जागांची नावे पथकास आधीच सांगून ठेवावीत. रात्रीच्या अंधारात, वाढत्या पाण्यात, तीच नावे त्या तारेतून जाणार आहेत.