चोर सोडून संन्याशाला फाशी : गेममधलं कुलूप कसं चालतं?

नेटवर्क सिक्युरिटी हा विषय आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतो आणि पेपर संपला की विसरतो. पण या विषयाचं प्रात्यक्षिक आपल्या होस्टेलवर रोज चालू असतं, आणि त्याचं नाव आहे गेम! गेमची कॉपी होऊ नये म्हणून कंपनी त्यात एक कुलूप घालते. त्याला कॉपी प्रोटेक्शन म्हणतात. हल्ली डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, हा शब्द जास्त चालतो. हे कुलूप कसं बनतं, का तुटतं, आणि तुटल्यावरसुद्धा त्याचा त्रास विकत घेणाऱ्यालाच का होतो, हे या लेखात पाहू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. गेम फुकट कुठून उतरवायचा हे सांगणारा हा लेख नाही. एक मोठा गेम बनवायला शेकडो माणसं काही वर्षं राबतात, त्यांचे पैसे बुडवणं बरोबर नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याने दुकानात पैसे मोजले, त्याच्याच घराला बाहेरून कुलूप का?

१) कुलपाचे प्रकार

पहिला प्रकार पुस्तिकेचा. १९८९ सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आपल्या काका-मामांच्या पिढीला नक्की आठवत असेल. त्याच्या डॉस आवृत्तीत पहिली लेव्हल संपली की एका खोलीत औषधाच्या बाटल्या मांडलेल्या असायच्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्द शोधायचा आणि त्याचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायची, तरच पुढचा दरवाजा उघडणार. याला तोड म्हणजे झेरॉक्स. त्याआधी, १९८५ साली, ‘एलिट’ या गेमबरोबर प्लास्टिकचं एक भिंग यायचं. स्क्रीनवरची विस्कटलेली अक्षरं त्यातूनच वाचता यायची. गंमत म्हणजे काही डब्यांत भलत्याच गेमचं भिंग गेलं. पैसे भरलेले, डबा अस्सल, आणि गेम मात्र उघडत नाही!

दुसरा प्रकार डोंगलचा. कॉम्प्युटरच्या मागे एक छोटा ठोकळा लावायचा, तो असेल तरच प्रोग्राम चालणार. गेमपेक्षा महागड्या सॉफ्टवेअरला हे जास्त दिसतं. मराठी छापखान्यांत घरोघरी झालेली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ डोंगलसकटच यायची.

तिसरा प्रकार डिस्कचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी सीडी रायटर स्वस्त झाले, तेव्हा सेफडिस्क आणि सिक्युरॉम ही नावं पुढे आली. डिस्कवर काही सेक्टर मुद्दाम खराब ठेवायचे. साधा रायटर त्यांची हुबेहूब नक्कल करू शकत नाही. गेम सुरू होताना ते सेक्टर तपासतो, सापडले नाहीत तर चालत नाही. यासाठी सेफडिस्क विंडोजमध्ये स्वतःचा एक ड्रायव्हर बसवत असे. पुढे या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक निघालं, आणि जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने त्याला दारातच थांबवलं. परिणाम असा, की अस्सल डिस्क ज्यांनी जपून ठेवली होती त्यांचे गेम बंद पडले, आणि कुलूप काढून टाकलेल्या कॉप्यांना या ड्रायव्हरची गरजच नव्हती.

चौथा प्रकार ॲक्टिव्हेशनचा. सप्टेंबर २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचा ‘स्पोअर’ आला. नियम असा, की गेम तीनदाच ॲक्टिव्हेट होणार, मग कंपनीला फोन करून विनवणी करा. लोकांनी ॲमेझॉनवर एका ताऱ्याच्या हजारो परीक्षणांचा पाऊस पाडला. अमेरिकेत कोर्टात दावाही गेला. आणि कुलूप तोडलेली कॉपी? ती गेम बाजारात येण्याआधीच इंटरनेटवर होती! त्या वर्षी सर्वांत जास्त बेकायदा डाउनलोड झालेल्या गेम्सची यादी ‘टॉरेंटफ्रीक’ने काढली, तीत स्पोअर पहिला.

पाचवा प्रकार सततच्या इंटरनेटचा. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर आला. एकट्याने खेळायचा गेम, पण खेळताना नेट अखंड हवं. ७ मार्चला कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले अनेक लोक बाहेर राहिले. पुढे कंपनीने स्वतःच हा नियम सोडून दिला. पण १५ मे २०१२ ला ‘डायब्लो ३’ आला तेव्हा लोकांना गेमऐवजी ‘एरर ३७’ पाहायला मिळाली, आणि मार्च २०१३ च्या ‘सिमसिटी’चंही तेच झालं. सिमसिटीला ऑफलाइन खेळण्याची सोय मिळायला पुढचं वर्ष उजाडलं.

२) कुलूप तुटतं का?

याचं उत्तर आपल्याच पुस्तकात आहे. एन्क्रिप्शनच्या धड्यात ॲलिस बॉबला निरोप पाठवते आणि मध्ये ईव्ह चोरून ऐकत असते. ॲलिस आणि बॉब एका बाजूला, ईव्ह दुसऱ्या बाजूला. किल्ली ईव्हला मिळाली नाही म्हणजे झालं. सगळं गणित या एका गृहीतावर उभं आहे.

आता हेच गेमला लावून बघा. ॲलिस म्हणजे कंपनी, बॉब म्हणजे गिऱ्हाईक. आणि ईव्ह कोण? तोही गिऱ्हाईकच! कंपनीला ज्याच्यापासून कुलूप लावायचं, त्यालाच गेम खेळायलाही द्यायचा आहे. म्हणजे कुलूपही त्याच्या घरात आणि किल्लीही त्याच्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत. किल्ली कितीही खोल लपवली तरी गेम चालण्यासाठी ती कधी ना कधी बाहेर काढावीच लागते. चिकाटीने बसलेला माणूस तिथे पोचतो. शिवाय प्रत्येकाने कुलूप तोडायची गरज नाही. जगात एकाने तोडलं की बाकीच्यांनी फक्त कॉपी करायची.

इथेच अन्याय सुरू होतो. चोराकडे जी कॉपी पोचते तिच्यात कुलूप शिल्लकच नसतं. कुलूप उरतं ते फक्त विकत घेतलेल्या कॉपीत.

३) तलासरीत हे कुलूप कसं दिसतं?

माझं घर तलासरी तालुक्यात, हायवे सोडून बरंच आत. डहाणू स्टेशनच्या बाजारात उभं राहून फोन पाहिला तर नेटवर्कच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात. आमच्या पाड्यावर एक काडी, तीही ओट्याच्या एका कोपऱ्यात. मागच्या सुट्टीत मी साठवलेल्या पैशातून १२०० रुपयांचा एक गेम रीतसर विकत घेतला. होस्टेलवर उतरवून घेतला आणि लॅपटॉपसकट घरी नेला. तो एकट्याने खेळायचा गेम आहे. पण दर वेळी सुरू होताना तो कंपनीच्या सर्व्हरला ‘ही खरी मालकीण का?’ असं विचारतो. पावसात आमच्याकडची लाइट गेली, तिच्यामागे टॉवर गेला, आणि तीन दिवस माझा गेम माझ्याच लॅपटॉपवर उघडला नाही. बॅटरी भरलेली, फाइल पूर्ण, पावती जवळ! शेजारच्या चुलतभावाने तोच गेम पेन ड्राइव्हवरून फुकट घेतला होता. तो मजेत खेळत होता. वर मला म्हणतो, “ताई, तू पैसे कशाचे दिलेस?”

या प्रश्नाला उत्तर देणं मला जड गेलं, हे खरं सांगते. कुलूप बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो गिऱ्हाईक असतो त्याच्याकडे चोवीस तास लाइट, न तुटणारं नेट आणि नवा कॉम्प्युटर असतो. आपल्यातल्या पुष्कळांकडे यातलं एखादंच असतं. नियम सगळ्यांना सारखा, पण त्याचा भार पाड्यावरच्या गिऱ्हाइकावर जास्त पडतो.

आणि सर्व्हर कायमचा बंद झाला तर? युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा त्याबरोबर गेला. यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूला नुसतं ‘विकत घ्या’ म्हणता येत नाही, हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं.

४) कंपनीची बाजू

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. गेमची बरीचशी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते. तेवढे दिवस कुलूप टिकलं तरी कंपनीचा फायदा होतो. २०१४ साली आलेलं ‘डेनुव्हो’ याच हिशेबावर चालतं. काही कंपन्या काही महिन्यांनी ते स्वतःहून काढूनही टाकतात, आणि मला वाटतं हा प्रामाणिक मार्ग आहे.

पण कुलपाशिवाय धंदा बुडतोच असं नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ साली जीओजी हे कुलूप नसलेल्या गेम्सचं दुकान काढलं. त्यांचा ‘विचर ३’ मे २०१५ मध्ये आला, तोही तिथे पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा. २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या.

५) आपला कायदा काय म्हणतो?

आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) २०१२ साली कलम ६५-अ घातलं गेलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला ‘हेतूने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात, काही सवलती सोडल्या तर, कुलूप तोडणं हेच बेकायदा. आपल्याकडे कशासाठी तोडलं हे आधी विचारलं जातं. कलम ५२ नुसार कायदेशीर कॉपी ज्याच्याकडे आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून वाचवण्यासाठी बॅकअप ठेवता येतो. त्याच वेळी कलम ६३-ब सांगतं, की चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. होस्टेलवाल्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं!

६) भाताच्या कणगीतला धडा

कॉपीवर कुलूप घालण्याचा विचार फक्त कॉम्प्युटरवाल्यांनाच सुचला असं नाही. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत डेल्टा अँड पाइन लँड ही कंपनी आणि तिथलं कृषी खातं यांना एक पेटंट मिळालं. ते तंत्र वापरलेल्या पिकाचं बी पुन्हा पेरलं तर उगवतच नाही! लोकांनी त्याला ‘टर्मिनेटर’ नाव दिलं. म्हणजे बियाण्यातलं कॉपी प्रोटेक्शनच.

आमच्याकडे आवणी झाली, भात कापलं, झोडलं, की चांगलं बी वेगळं काढून कणगीत ठेवतात. शेजारी कमी पडलं तर पायलीभर देतात. ही चोरी आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने हे मान्य केलं. नवं वाण शोधणाऱ्याला हक्क दिले, आणि शेतकऱ्यालाही बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, विकण्याचाही हक्क दिला. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. आणि टर्मिनेटर तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच होणार नाही, असंही लिहून ठेवलं.

बी आणि गेम एकच आहेत असं मी म्हणत नाही. पेन ड्राइव्हवर गेम वाटणं आणि पायलीभर भात देणं यात फरक आहे. पण हा कायदा करणाऱ्यांनी जो विचार केला तो गेमवाल्यांनी केलेला नाही. बनवणाऱ्याचा हक्क राखायचा, पण त्यासाठी वस्तूच्या पोटात घेणाऱ्याविरुद्ध काही पेरायचं नाही.

७) मग आपण काय करायचं?

आज आपण गिऱ्हाईक आहोत, पण दोन वर्षांनी यातले बरेच जण सॉफ्टवेअर बनवणार आहेत. फायनल इयरच्या प्रोजेक्टलासुद्धा कोणीतरी लायसन्स की लावतंच. तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात असं मला वाटतं.

एक, तपासणी एकदाच करा, विकत घेताना. रोज सकाळी नको. दोन, नेट नसेल तर प्रोग्राम बंद करू नका, गिऱ्हाईक खरा आहे असं धरून चाला. तीन, कुलपाला शेवटची तारीख ठेवा. सर्व्हर बंद करायची वेळ आली तर आधी कुलूप काढणारा अपडेट द्या. चार, नवं कुलूप आपल्या लॅबमधल्या वेगवान लाइनवर तपासून खूश होऊ नका. पावसाळ्यात एखाद्या आतल्या पाड्यावर नेऊन चालवून बघा.

आणि गिऱ्हाईक म्हणून? विकत घेण्याआधी ऑफलाइन चालतो का ते वाचा. बिनकुलपाचा मिळत असेल तर तोच घ्या, पैसे देऊन घ्या. कुलूप नसतानाही लोक पैसे देतात हे कंपन्यांना दिसलं, तरच पुढच्या वेळी कुलूप हलकं होईल.

चुलतभावाला मी अजून हेच पटवते आहे. परवा जीओजीवर सवलत लागली तेव्हा त्याने पहिल्यांदाच एक गेम विकत घेतला, ७९ रुपयांना. लाइट नसली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तो गेम चालतो, हे त्याने आधी तीनदा विचारून घेतलं.