तहान साठवून ठेवू नका

दिवसभर उन्हात राबायचं, तहान लागली तरी हातातलं काम सोडायचं नाही आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं. एवढ्याने दिवसाची भरपाई झाली असं बहुतेकांना वाटतं. रक्तापुरती ती होते. मूत्रपिंडातल्या पेशींना मात्र मधल्या आठ-दहा तासांत जे सोसायचं ते सोसून झालेलं असतं. एखाद्या दिवसाचा ताण त्या निभावून नेतात. महिनोन्महिने हेच चाललं तर काय होतं, ते आज जरा खोलात जाऊन सांगते, कारण ते कळलं की पाणी कधी आणि कसं प्यायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

रक्तात विरघळलेल्या पदार्थांची तीव्रता शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. ती मिलिऑस्मोलमध्ये मोजतात आणि निरोगी माणसात दर किलो पाण्यामागे ती साधारण २७५ ते २९५ असते. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या गाभ्यात हाच आकडा १२०० पर्यंत चढू शकतो. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लीटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं शेवटचं काम या खारट गाभ्याच्या जोरावर होतं.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं आणि फोडी आक्रसतात. भोवतालची तीव्रता वाढली की पेशीचंही पहिल्या काही मिनिटांत तेच होतं. मग ती बाहेरचे क्षार आत ओढते, त्यांच्यामागून पाणी येतं आणि आकार बराचसा पूर्ववत होतो. पण आत क्षार वाढून राहणं धोक्याचं असतं. त्यांनी प्रथिनांची घडी बिघडते, डीएनएचे धागेही तुटतात. म्हणून पुढच्या काही तासांत आणि दिवसांत पेशी या क्षारांची जागा हळूहळू सौम्य पदार्थांना देते. ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल बनवते, रक्तातून बीटेन, इनॉसिटॉल आणि टॉरिन आत घेते. हे पदार्थ पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना त्रास देत नाहीत. या साऱ्याची सूत्रं हलवणारं, जनुकं चालू करणारं एक प्रथिन १९९९ मध्ये ओळखलं गेलं. त्याला टॉनईबीपी किंवा एनफॅट-५ म्हणतात. गाभ्यातल्या पेशींमध्ये ही व्यवस्था जन्मभर चालू असते आणि मला ती शरीरातल्या सर्वांत देखण्या रचनांपैकी एक वाटते.

अडचण गाभ्याबाहेर सुरू होते. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात ज्या नळ्या आहेत, त्यांच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी गाळलेल्या द्रवाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग परत घेतात. त्यांचं सारं आयुष्य रक्ताइतक्याच तीव्रतेत जातं. घाम गाळून, पाणी न पिता रक्तच घट्ट झालं की या पेशींतही ग्लुकोजचं सॉर्बिटॉल होऊ लागतं. सॉर्बिटॉलचं पुढे फ्रुक्टोज होतं, आणि ते जाळणारं विकर या पेशींत भरपूर असतं. ते भराभर काम करतं, त्यात पेशीची ऊर्जा संपत जाते, युरिक ॲसिड तयार होतं आणि दाह सुरू होतो. गाभ्यात जी युक्ती पेशीला वाचवते, तीच इथे तिला इजा करते.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने हे उंदरांवर तपासलं. उंदरांना पुन्हा पुन्हा उष्णतेत ठेवलं. काहींना हवं तेव्हा पाणी मिळत होतं, काहींना ते उशिरा दिलं जात होतं. उशिरा पाणी मिळालेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत इजा, दाह आणि व्रणासारखे तंतू दिसले. फ्रुक्टोज जाळणारं ते विकर ज्यांच्यात नव्हतंच, ते उंदीर मात्र उशिरा पाणी मिळूनही बचावले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी पाणी किती मिळालं याइतकंच ते कधी मिळालं यालाही महत्त्व आहे, हे त्यातून कळतं.

हा प्रयोग सुचला तो मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमुळे. एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये ना मधुमेह, ना रक्तदाब, अशा तरण्या पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००२ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी हे जगापुढे मांडलं. कारणांबद्दल वाद अजून आहे, कीटकनाशकांवरही बोट ठेवलं जातं. पण उष्णता, अंगमेहनत आणि पाण्याची कमतरता यांचा वाटा मोठा आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती देऊन पाहिलं. विश्रांती वाढवल्यावर मजुरांमधली मूत्रपिंडाची इजा कमी झाली. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात, उद्दानम भागातही असाच आजार आहे आणि त्याचं एकच एक कारण ठरलेलं नाही.

आता आपल्या फडाकडे बघा. बीडकडून निघालेली जोडपी पहाटेपासून कोयता चालवतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहतात. बायका पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. हे मी फार जणींकडून ऐकलं आहे आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. मुकादम आणि कारखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे की फडाजवळ पिण्याचं पाणी, सावली आणि बायकांसाठी आडोशाची सोय करा. वीटभट्टी, बांधकाम, वाहतूक पोलीस, उन्हात गाडीवरून घरपोच सामान देणारी मुलं, सगळ्यांना हेच लागू आहे.

उन्हातल्या कष्टाच्या कामात दर १५ ते २० मिनिटांनी एक पेलाभर पाणी प्या. तासाला दीड लीटरच्या वर मात्र नको, कारण अति पाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. खूप घाम येत असेल तर सोबत चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी चालेल. सकाळची पहिली लघवी गडद असणं स्वाभाविक आहे. दुपारीही ती गडद आणि थोडीच होत असेल, उन्हाळी लागत असेल, तर पाणी कमी पडतं आहे.

तहान शीतपेयावर भागवू नका. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो आणि वर सांगितलेल्या आगीत ते आणखी इंधन घालतं. २०१९ मध्ये बफेलो विद्यापीठाने निरोगी तरुणांना उष्णतेत व्यायाम करायला लावून काही वेळा शीतपेय, काही वेळा पाणी दिलं. शीतपेयानंतर मूत्रपिंडावरील ताणाच्या खुणा जास्त दिसल्या. उसाचा रस आवडीने एखादा पेला प्या, पण तो पाण्याच्या जागी नको. जुलाब-उलट्यांत ओआरएस घ्याल तर पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात कालवा. लीटरभराची पुडी पेलाभर पाण्यात घातली तर ते द्रावण रक्तापेक्षा कितीतरी घट्ट होतं आणि नेमकं उलटं काम करतं. योग्य ओआरएसची तीव्रता २४५ असते, म्हणजे रक्ताहून थोडी कमी. ओआरएससारखे दिसणारे गोड डबे घेऊ नका.

सर्वांत जास्त काळजी मला अंगदुखीच्या गोळ्यांची वाटते. मूत्रपिंडाच्या गाभ्यात रक्त आणि प्राणवायू मुळातच तुटपुंजा पोचतो. पाणी कमी झालं की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन बनवून रक्तपुरवठा टिकवतात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या नेमकं तेच बनणं थांबवतात. दिवसभर घाम गाळून रात्री अशी गोळी, आणि हे रोज, ही जोडी टाळा. आधी पाणी प्या, विश्रांती घ्या. गोळी लागलीच तर योग्य मात्रेत पॅरासिटॅमॉल त्यामानाने सुरक्षित आहे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, तर त्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

ज्यांचं हृदय कमकुवत आहे, पायांवर सूज आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांनी वरचं पाण्याचं प्रमाण पाळू नये. त्यांचं माप त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात नारळपाणीही विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

उष्णतेमुळे होणाऱ्या या आजारात लघवीतून प्रथिनं फारशी जात नाहीत आणि अंगावर सूजही लवकर येत नाही. त्यामुळे नुसती लघवीची तपासणी बरी आली म्हणून निर्धास्त राहू नका. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्यांनी हंगामाच्या आधी आणि हंगाम संपल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं आणि दोन्ही कागद जपून ठेवावेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वाढलेला दिसला, तर काहीच त्रास होत नसला तरी डॉक्टरांना दाखवा.