भोंगा आणि दिवेलागण

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ पासून एक प्रथा सुरू झाली. सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजताच घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद करावयाचे, ते ८.३० पर्यंत. करोनाकाळात ऑनलाइन वर्गासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे तिचे निमित्त.

साहित्याभ्यासकाला येथे लक्षणीय वाटावा तो भोंगा. मराठी साहित्यात तो मुंबईच्या गिरण्यांचा. नारायण सुर्वे यांच्या कवितेचे विश्व त्याच परिसरातले. कामगाराच्या वेळेवर मालकाचा हक्क सांगणारा हा ध्वनी वडगावात वेळ परत मागतो. त्याने निवडलेली घटिकाही नवी नव्हे. दिवेलागण, तिन्हीसांज, कातरवेळ अशी तिची नावे मराठीत रूढ आहेत. दिवा लागला की मुलांनी शुभंकरोती व पाढे म्हणावेत, हा संकेत कुणा एकाच्या निग्रहावर विसंबून नव्हता. (त्या वेळी चुलीपुढील स्त्रीला उसंत नसे, हेही खरेच.) म्हणूनच प्रस्तुत प्रश्न केवळ व्यक्तिगत संयमाचा मानणे अपुरे ठरते. शेजारी पडदा उजळलेला असता एकट्या मुलाने आपला विझवावा कसा? वडगावात त्यासाठी आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले.