‘ओशीई’ आणि ‘कुयाशीई’ : टीव्हीवरच्या सामन्यांनी शिकवलेले दोन शब्द

‘परकी भाषा कशी शिकावी’ या विषयावर ई-अंकासाठी लिही, असं मंडळाकडून सांगण्यात आलं, तेव्हा सगळ्यात आधी आठवला तो तोक्योतल्या एका खानावळीच्या भिंतीवरचा टीव्ही. त्या टीव्हीवर मी २०२२ च्या विश्वचषकातले जपानचे सामने पाहिले. या लेखात सांगायचं आहे ते त्या सामन्यांतून हाती लागलेल्या दोन शब्दांबद्दल.

तेव्हा मी नोकरीनिमित्त तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकासाईला राहत होतो. तिथे भारतीय इतके आहेत की किराणा, जेवण, गप्पा, सगळं हिंदी-इंग्रजीत भागतं. याच एदोगावाच्या परिषदेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. म्हणजे जपानीवाचून दिवस काढणारेही तिथेच आणि जपानी मतदारांकडून मतं मिळवणारेही तिथेच. मी पहिल्या गटात होतो. शब्दांच्या याद्या पाठ होत्या, परीक्षेत मार्कही बरे पडायचे. पण समोरच्याने तोंड उघडलं की माझी यादी कुठल्या कुठे जायची.

खोलीखालच्या खानावळीत २३ नोव्हेंबरला रात्री दहा वाजता जपान-जर्मनी सामना लागला. पहिल्या अर्ध्यात जर्मनीने पेनल्टीवर गोल केला. मग ७५ व्या मिनिटाला दोआनने बरोबरी साधली. समालोचक ओरडला, ‘दोतेन!’ ८३ व्या मिनिटाला आसानोने दुसरा गोल केला आणि समालोचक ओरडला, ‘ग्याकुतेन!’ मला कोश उघडावा लागला नाही. १-१ झालं तेव्हा आलेला शब्द म्हणजे बरोबरी. मागे असलेला पुढे गेला तेव्हा आलेला शब्द म्हणजे आपण म्हणतो ते ‘पारडं फिरलं’. हे दोन्ही शब्द मी त्यानंतर कधीही विसरलो नाही.

इथे थोडं थांबून विचार करू. रेडिओवर शब्द मैदान उभं करतात. बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकलेली आपली आजोबांची पिढी सांगते, की डोळे मिटले तरी क्षेत्ररक्षक दिसायचे. आपल्या इंदूरचे सुशील दोशी यांनी हेच काम हिंदीत केलं. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली आणि होळकर स्टेडियमच्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. तिथे भाषा येते म्हणून खेळ कळतो. परक्या देशात टीव्हीवर याच्या बरोब्बर उलट होतं. खेळ आधीच कळलेला असतो, त्यामुळे भाषा कळायला लागते. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, त्या क्षणी शंभर जण एकच शब्द म्हणतात. त्याचा अर्थ चुकीचा लागणं कठीण.

तो शब्द म्हणजे ‘ओशीई’. चेंडू खांबाला लागला, गोलकीपरच्या बोटांना घासून गेला, पास एका पावलाने लांब पडला, की ‘ओशीई!’ मराठीत ‘थोडक्यात हुकलं’, ‘अरे, जरासाच!’ याच शब्दाचा दुसरा अर्थ मला पुढे कळला. जी गोष्ट गमवायला मन होत नाही, जिचं मोल वाटतं, तिलाही जपानीत ‘ओशीई’ म्हणतात. म्हणजे हुकलेल्या प्रयत्नाला त्यात एक प्रकारची किंमत दिलेली आहे. प्रयत्न वाया गेला, पण तो कमी दर्जाचा नव्हता, असं त्यात गृहीत आहे. मला हा शब्द फार आवडला आणि मी तो जिथे तिथे वापरू लागलो.

पुढचा सामना कोस्टा रिकाने ०-१ असा जिंकला. मग २ डिसेंबरला तोक्योच्या वेळेने पहाटे चार वाजता स्पेनशी सामना. चेंडू जपानकडे जेमतेम १८ टक्के वेळ होता, तरी जपान २-१ ने जिंकला. दुसऱ्या गोलाआधी मितोमाने चेंडू अगदी रेषेवरून मागे ओढला. टीव्हीवर तो बाहेर गेल्यासारखा दिसत होता. व्हिडिओ तपासून पंचांनी तो आत असल्याचं ठरवलं. ‘मितोमाचा १ मिलिमीटर’ हा तेव्हापासून जपानीतला वाक्प्रचारच झाला. (हा मितोमा आधी विद्यापीठात शिकला, मग व्यावसायिक खेळाडू झाला. त्सुकुबा विद्यापीठात त्याने प्रबंध लिहिला तो चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चुकवण्याच्या कलेवर. प्रबंधाचा विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता दुसरा शब्द. क्रोएशियाशी बाद फेरीचा सामना तोक्योत मध्यरात्री सुरू झाला. खानावळीच्या मालकांनी त्या दिवशी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवलं होतं. १-१ अशी बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. मिनामिनोची अडली, मितोमाची अडली, आसानोने गोल केला, कर्णधार योशिदाचीही अडली. जपान बाहेर. सगळं दुकान गप्प. मला वाटलं काहीतरी बोलावं, आणि मला येत होता तो शब्द मी म्हणालो, ‘ओशीई.’

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मान हलवली आणि म्हणाले, ‘कुयाशीई.’ मग भांडी आवरायला लागले.

खोलीवर येऊन कोश पाहिला, पण खरा अर्थ कळला तो खेळाडूंच्या मुलाखतींतून. हरलेला खेळाडू माइकसमोर ‘कुयाशीई’ म्हणतो. त्यात दुःख आहे, पण रडवेपणा नाही. स्वतःवरचा राग आहे, ‘हे माझ्या हातात होतं’ ही जाणीव आहे, आणि ती सुखाने झोपू देत नाही. जपानीत ‘कुयाशीई’ला बाने, म्हणजे स्प्रिंग करा, अशी म्हणण्याची पद्धत आहे; दाबली गेली तेवढ्याच जोराने उसळायची. थोडक्यात फरक असा : ‘ओशीई’ हा पाहणाऱ्याचा शब्द. ‘कुयाशीई’ हा ज्याचं गेलं त्याचा शब्द. मी त्या दुकानात बसून पाहुण्याचा शब्द वापरला होता, आणि तो त्या घडीला तोकडा पडला.

मराठीत काय म्हणाल? ‘हळहळ’ दुसऱ्याबद्दलही वाटते, म्हणून ती ‘ओशीई’च्या जवळची. ‘चुटपुट’ लहानशा राहून गेलेल्या गोष्टीची. ‘रुखरुख’ मंद असते, पण वर्षानुवर्षं टिकते. ‘चरफड’मध्ये राग आहे, पण त्यातला बराचसा परिस्थितीवर. ‘कुयाशीई’ या सगळ्यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. एका शब्दाला एक शब्द मिळाला नाही म्हणून आपली भाषा कमी ठरत नाही. उलट, परक्या शब्दाच्या निमित्ताने आपल्याच चार शब्दांतला फरक मला पहिल्यांदा नीट कळला.

हे सगळं पुस्तकी राहिलं असतं, पण मी परत आलो आणि भंवरकुआंत खोली घेतली. तुम्हाला हा भाग सांगायला नको. क्लासच्या पाट्या, फोटोकॉपीची दुकानं, रात्री अकरालाही चहाच्या टपरीवर चालू घडामोडींच्या प्रश्नोत्तरांचा आवाज. माझा आत्येभाऊ बऱ्हाणपूरहून इथे येऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता; आम्ही एकाच खोलीत राहत होतो. निकाल लागला. त्याचं दोन मार्कांनी राहिलं.

फोनवर फोन आले. आत्या, मामा, मित्र, सगळे म्हणाले, ‘अरे, थोडक्यात गेलं!’ मीही तेच म्हणालो. रात्री दिवा बंद केल्यावर तो म्हणाला, “दादा, सगळे थोडक्यात, थोडक्यात करतायत. ते दोन प्रश्न कोणते होते ते मला माहितीय ना. येत असून मी बदलून आलो.”

तेव्हा मला ती खानावळ आठवली. मी पुन्हा ‘ओशीई’च म्हटलं होतं. मग काहीही समजावलं नाही. “कोणते प्रश्न?” एवढंच विचारलं. त्याने ते सांगितले, पर्यायांसकट. तासभर आम्ही त्याच दोन प्रश्नांवर बोललो. दिवसभरात पहिल्यांदाच तो मोकळा बोलला.

दुसऱ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी त्याला मोरियासूंची गोष्ट सांगितली. २८ ऑक्टोबर १९९३, दोहा. इराकविरुद्ध जपान २-१ ने पुढे. तेवढं टिकलं असतं तर पहिल्यांदाच विश्वचषक खेळायला मिळाला असता. अगदी शेवटच्या क्षणी इराकने बरोबरी केली आणि संधी गेली. जपानी लोक त्याला ‘दोहाची शोकांतिका’ म्हणतात. मैदानावर त्या दिवशी हाजिमे मोरियासू होते. २०२२ मध्ये कतारमध्येच जर्मनी आणि स्पेनला हरवणाऱ्या जपानचे प्रशिक्षकही तेच. आणि क्रोएशियाकडून हरल्यावर प्रेक्षकांपुढे कमरेत वाकून उभे राहिलेलेही तेच.

आत्येभावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “१९९३ ते २०२२ म्हणजे २९ वर्षं झाली. दादा, आम्हाला वयाची मर्यादा असते.”

आम्ही दोघेही खूप हसलो. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्याची गोष्ट आपल्या मापाची असतेच असं नाही. पण त्या हसण्यानंतर त्याने त्या दोन प्रश्नांची पानं फाडून टेबलासमोर भिंतीवर चिकटवली. पुढची परीक्षा तो देतोय. काय होईल ते मी सांगू शकत नाही.

शेवटी एक स्वाध्याय. येत्या महिन्यात तुम्हाला न येणाऱ्या भाषेतल्या समालोचनासह एक सामना पाहा. तमिळ, बंगाली, जपानी, कुठलीही चालेल. पुन्हा पुन्हा कानावर येणारे पाच शब्द देवनागरीत लिहून ठेवा आणि मैदानावर तेव्हा काय घडत होतं ते समोर लिहा. मग प्रत्येकासाठी घरात बोलला जाणारा मराठी शब्द शोधा. इंदुरी हिंदीतून आलेला असला तरी खुशाल लिहा. शेवटी प्रत्येक शब्दापुढे एक खूण करा : हा पाहणाऱ्याचा शब्द आहे, की ज्याचं गेलं त्याचा? पुढच्या बैठकीला वही घेऊन या.